माणिक मूळचं कुठलं

९ ऑक्टोबर

माणिक मूळचं कुठलं? आज आईने विचारलं. मी म्हटलं, समुद्रातलं. ती म्हणाली, समुद्र तर आपल्या दाराशीच आहे, इथे कधी दिसलं नाही ते. मग ती शिंपल्या धुवायला निघून गेली. मी मात्र दिवसभर त्याच प्रश्नापाशी अडकून राहिले.

माणिक म्हणजे माझं लाल शैवाल. बंदराच्या रस्त्यावर माशांच्या टाक्यांचं दुकान आहे. त्याच्या मालकाला आमच्या घरी सगळे काचवाला म्हणतात. त्याने पिशवीभर पाण्यात एक लहानसा झुपका घालून दिला. माणिक हे नावही त्याचंच. पंख्यासारखं पसरणारं, कडेला दातेरी, टोमॅटोच्या सालीइतकं पातळ आणि तसंच लाल. मागच्या खोलीत जिथे बाबांची जाळी टांगलेली असायची, तिथे आता माझी काचेची टाकी आहे. एप्रिलमध्ये बंदरावर नवं मत्स्यालय उघडणार आहे. त्यातल्या एका भिंतभर टाकीत फक्त लाल बाग हवी आहे. माझं पीक चांगलं आलं, तर ती टाकी मी भरायची आणि पुढे सांभाळायचीही मीच. काचवाल्याने मत्स्यालयाच्या साहेबांकडून तसा शब्द घेतला आहे. दारावर पाटी, तिच्यावर माझं नाव, नावापुढे पदवी. म्हणून मी बर्फाच्या कारखान्यातली कारकुनी नाकारली. दादा अजून त्यावरून माझ्याशी नीट बोलत नाही.

कॉलेजच्या सवयीने एक पान कागदावर दाबून वाळवलं. खाली चिठ्ठी लावली. नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणारी. ठिकाणाची जागा कोरी राहिली.

१४ ऑक्टोबर

दादाने बोलण्याचं निमित्त काढलं खरं, पण चिडवायला. जेवताना म्हणाला, "शेवाळाला काय घातलंस आज?" मी म्हटलं, शेवाळ नव्हे, शैवाल. तो म्हणाला, "एक मात्रा जास्त लावली की भाव वाढतो होय?" बाबांना इतकं हसू आलं की ठसका लागला. मीही हसले, पण मला वाईट वाटलं. विहिरीच्या पायरीवर ज्याच्यावरून पाय घसरून लोक पडतात त्याला शेवाळ म्हणतात. माझं ते नाही.

२६ ऑक्टोबर

टोकं पांढरी पडत आहेत. काल तीन पानांची, आज जवळजवळ सगळ्यांची.

दिवा वर केला, खाली केला. पाणी दोनदा गाळलं. काच आतून पुसली. पाण्यात कण म्हणून ठेवला नाही. तरी लाल रंग टोकाकडून मागे सरकतो आहे. काचवाला म्हणाला, दुसरा झुपका मिळणार नाही, जपा. बाबा दारात उभे राहून बघतात आणि काही न विचारता परत जातात. त्यांनी विचारलं तर बरं होईल.

२९ ऑक्टोबर

कॉलेजच्या मॅडमना फोन केला. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "अगं, तू त्याला उपाशी ठेवलं आहेस." पाणी अति स्वच्छ झालं आहे. माशांची घाण हेच शैवालाचं खाणं. माझ्या टाकीत एकही मासा नाही, आणि मी रोज पाणी गाळून उरलंसुरलंही काढून टाकते.

आमच्या घरात स्वच्छतेचं वेड आहे. मासळीचा वास येतो म्हणून शाळेत मला वेगळ्या बाकावर बसवत, तेव्हापासून आई घर दोन वेळा धुते. मी टाकीही तशीच धुतली. बाबांनी संध्याकाळी होडीतून चार बोटभर मासे जिवंत आणून दिले. टाकीत सोडताना म्हणाले, "घ्या, घाण करा बाबांनो."

१८ नोव्हेंबर

जगलं. नुसतं जगलं नाही, दर दिवशी वेगळं दिसतं. छाटलं नाही की दाटी होते, आणि खालच्या पानांना उजेड मिळत नाही. बाबांची जाळी कापायची कात्री घेऊन आज पहिल्यांदा छाटणी केली.

आई बघत होती. विचारलं, कापल्यावर दुखत नाही का त्याला? मी तिला समजावलं की तुटला तरी तुकडा मरत नाही. पाणी आणि उजेड मिळाला की त्यातूनच नवं झाड होतं. तिने नखाएवढा तुकडा तळहातावर घेतला. "म्हणजे हे जिवंत आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, पूर्ण जिवंत. मला फार आनंद झाला. इतकी वर्षं शिकले, पण आईला शिकवायला मिळेल असं काही पहिल्यांदाच सापडलं.

६ डिसेंबर

आता छाटणीचा ढीग टोपलीभर निघतो. खोली आवरायचं काम आईने आपणहून घेतलं आहे. मी कात्री खाली ठेवायच्या आत टोपली गेलेली असते. आईची कमाल आहे. ओहोटीला शिंपल्या वेचायला जायची तिची घाई असते, तरी जाता जाता माझा कचरा उचलते.

१९ डिसेंबर

मॅडमना फोटो पाठवले होते. कौतुकाची वाट बघत होते. उत्तर आलं ते असं: "जात ओळखता येत नाही. मूळ माहीत नसेल तर एक तुकडाही घराबाहेर जाऊ देऊ नकोस." फोटो छान आहेत, असं एक वाक्य लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? माझी टाकी खाडीला कुठेही जोडलेली नाही. पंपही आतलंच पाणी आत फिरवतो. मी काय पहिल्या वर्षाची मुलगी आहे?

काचवाल्याला मात्र विचारलं, हे आलं कुठून. तो म्हणाला, "दुकानातून. आणखी कुठून?"

२३ जानेवारी

गंमत झाली. बाबांच्या जाळ्यात एक लाल झुपका आला. दादाने तो माझ्या ताटाजवळ आणून ठेवला. "बाईसाहेब, तुमचे पाहुणे," म्हणाला. मी उजेडात धरून पाहिलं. खाडीतही लाल जाती असतातच, पुस्तकात आहे. उलट मला धीर आला. आमच्या पाण्यालाही लाल रंग मानवतो म्हणायचा. आई ताट वाढायची थांबून त्या झुपक्याकडे बघत होती. तिला हसू आलं होतं. म्हणाली, "रुजलं वाटतं कुठेतरी."

१२ फेब्रुवारी

मत्स्यालयाचे साहेब येऊन टाकी बघून गेले. काचेला नाक लावून उभे राहिले. जाताना काचवाल्याला म्हणाले, ठरलं. बाबांनी त्यांना खुर्ची देण्यासाठी शेजारून खुर्ची आणली होती, पण ते बसलेच नाहीत. बाबा नंतर स्वतः तिच्यावर बसून टाकी बघत राहिले.

खाडीत मात्र त्रास वाढला आहे. लाल झुपके खेकड्यांच्या पिंजऱ्यांच्या तोंडात अडकतात. जाळं ओढताना दुप्पट जड लागतं, आणि वर येतं ते सगळं लाल. दादाचा खांदा सुजला आहे. आता तो पाहुणे म्हणत नाही.

१ मार्च

आईची शिंपल्यांची जागा गेली. दगडांच्या पलीकडे, जिथे वाळू मऊ आहे, तिथे तिचं लग्न झाल्यापासून ती वेचते. आता तिथे पाऊल टाकावं तर लाल गादी. खालच्या शिंपल्या गुदमरून उघड्या पडल्या आहेत. बाकीच्या बायका म्हणतात, तुझ्याच जागेवर जास्त कसं गं, दृष्ट लागली का कोणाची.

धक्क्यावर पुरुष जमले होते. सगळ्यांचा संशय कोळंबीवाल्यावर आहे. तो दोन वर्षांपूर्वी बाहेरून आला, खाडीच्या वरच्या अंगाला त्याची तळी आहेत. त्याच्या बियाण्याबरोबर, म्हणजे कोळंबीच्या पिल्लांबरोबर हे आलं, असं म्हणतात. मत्स्यखात्याच्या कार्यालयात अर्ज द्यायचा ठरला. अर्ज म्हटला की सगळी गल्ली आमच्या दाराशी येते, कारण लिहिणारी मी एकटी. बाबांनी माझ्यासाठी टेबल पुसून ठेवलं.

चांगला लिहिला. एक वाक्य तर मी दोनदा वाचून दाखवलं: "बाहेरून आणलेला जीव आमच्या पाण्यात सोडण्याचा अधिकार कोणालाही नाही." एक म्हातारे मामा म्हणाले, पोरीने आपल्या मनातलं लिहिलं. बाबांनी चहा स्वतः केला.

१५ मार्च

कार्यालयाने पुरावा मागितला. म्हणून आज ओहोटीला मी बाटल्या घेऊन कोळंबीवाल्याच्या तळ्यांपासून खाली चालत आले, म्हणजे कुठून सुरू होतं ते दिसेल.

त्याच्या तळ्यांचं पाणी आतबाहेर करायचं जे दार आहे, त्याच्यापाशी काही नाही. पुढच्या वळणावर काही नाही. पुलाखाली दोन झुपके, तेही सुटे, वाहत आलेले. भरती पाणी वर घेऊन जाते, त्याने आले असणार. मग विरळ, मग दाट. सगळ्यात दाट आईच्या दगडांपाशी. प्रवाहाने तिथे गोळा होत असेल, असं मी वहीत लिहिलं.

मग एक जुना झुपका मुळापाशी धरून उपटला. लाट शैवाल फाडते तेव्हा कड चिंध्या झाल्यासारखी असते. याची कड सरळ होती. त्या सरळ कडेवरून नवी पानं फुटली होती. दुसरा उपटला. सरळ. तिसरा.

मी तिथे चिखलात उभी राहिले. पाणी परत चढायला लागलं तेव्हा घोट्याला गार लागलं, म्हणून निघाले.

१६ मार्च

आईला विचारलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवून विचारलं. छाटलेलं तू कुठे टाकतेस?

ती कांदा चिरत होती. "दगडांपाशी सोडते. तिथे पाणी निवळ असतं."

"कचऱ्यात का नाही टाकलंस?"

तिने सुरी थांबवली. "जिवंत आहे म्हणालीस ना. समुद्राचं जिवंत कोणी कचऱ्यात टाकतं का? तुझे बाबा लहान मासा परत सोडतात की नाही?"

तिनेच माझ्या चेहऱ्याकडे बघून हळूहळू ताळा जुळवला. मग तिने चिरलेला कांदा एका बाजूला सारला आणि रिकाम्या पाटावर सुरी चालवत राहिली. मला म्हणाली, "तू नीट सांगायचं होतंस गं."

खरं आहे. जिवंत म्हणजे काय ते मी अर्धंच सांगितलं होतं.

१७ मार्च

बाबांना आणि दादाला सांगितलं. मला वाटलं होतं दादा आकाशपाताळ एक करेल. तो फक्त खांदा चोळत बसला. बाबा म्हणाले, टाकी एप्रिलमध्ये जाणारच आहे ना इथून, मग बोभाटा कशाला? "आधी तुझं काम होऊ दे, पोरी. खाडी कुठे पळून जात नाही. वाटल्यास आपण चौघं मिळून रोज उपटू."

मी म्हटलं, आणि कोळंबीवाला? बाबा म्हणाले, तो बाहेरचा माणूस आहे, तो काय, दुसरीकडे तळं खणेल.

आयुष्यात पहिल्यांदा मला बाबांचं बोलणं आवडलं नाही. आणि ते माझ्यासाठीच बोलत होते.

१८ मार्च

काचवाल्याकडे गेले. तो टाक्यांच्या मागून हात पुसत आला. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, मत्स्यालयातलं पाणी तरी चाळणीतून सोडू. म्हणाला, मत्स्यालयाच्या भिंतभर टाकीचं पाणी थेट समुद्रातून येतं आणि थेट समुद्रात जातं, तिथे काय चाळणी लावणार तुम्ही? मला हे माहीतच नव्हतं. म्हणजे आमच्या खाडीवर थांबणार नाही. वर त्याने सल्ला दिला की तोंड उघडलंत तर तुम्हाला कोणी घराची कुंडीसुद्धा सांभाळायला देणार नाही.

परत येताना बर्फाच्या कारखान्यावरून आले. माझ्या जागी घेतलेली मुलगी खिडकीत बसली होती. तिच्या टेबलावर पंखा होता.

२१ मार्च

आज दुपारी दार वाजलं. कोळंबीवाला. मी त्याला इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. माझ्या दादाएवढाच असेल. चप्पल बाहेर काढून उभा राहिला, आत या म्हटलं तरी उंबऱ्यावरच बसला.

"ताई, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. उत्तर लिहून द्याल का?"

कार्यालयाची नोटीस होती. आठवड्याभरात खुलासा न केल्यास तळ्यांचं दार बंद करणार. या उन्हात पाणी बदललं नाही तर कोळंबी वर येऊन मरते, हे त्याने मला समजावून सांगितलं. धक्क्यावरचे लोक तर नोटिशीचीही वाट बघणार नाहीत, पुढच्या मोठ्या भरतीला दारात वाळूच्या गोण्या टाकून पाणी अडवणार असं त्याच्या कानावर आलं होतं. नोटिशीत मधेच माझं वाक्य होतं, अवतरणात. बाहेरून आणलेला जीव. त्याने त्यावर बोट ठेवलं.

"हे कोणी लिहिलं माहीत नाही. पण वाक्य चोख आहे. मला खोडून काढता येईना. कारण खरंच आहे ते. फक्त मी केलेलं नाही."

दोन पावलांवर मागच्या खोलीचं दार होतं. पंपाचा आवाज येत होता. त्याने विचारलं, आत काय चाललंय? मी म्हटलं, टाकी आहे. तो म्हणाला, "मासे पाळता? छान." मी त्याला पाणी दिलं. उद्यापरवा लिहून देते म्हटलं. तो दोनदा आभार मानून गेला.

आई मधल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

२२ मार्च

लिहिता येत नाही. तीन कागद फाडले. टाकी कधी नव्हे इतकी सुंदर दिसते आहे.

२४ मार्च

सकाळी उठले तेव्हा मागच्या खोलीत आई होती. तिने लग्नकार्यातलं मोठं पातेलं स्टोव्हवर चढवलं होतं आणि गोडं पाणी उकळत ठेवलं होतं. मला म्हणाली, "सोडलं मी. आता काढायचं कसं ते तू सांग, या वेळी पूर्ण सांग."

मी पूर्ण सांगितलं. एक नखाएवढा तुकडाही ओला सुटता कामा नये. कापड, ब्रश, कात्री, सगळं उकळत्या पाण्यातून काढायचं, हात गरम पाण्याने चोळून धुवायचे. टाकीचं पाणीसुद्धा उकळूनच बाहेर. आम्ही दोघींनी मिळून हाताने सगळं माणिक उपसलं. मी म्हटलं, तू टाक. ती म्हणाली, नाही, तुझं आहे.

मी टाकलं. लाल रंग क्षणात सुटला आणि पाणी गुलाबी झालं. पानं हिरवी झाली. पुस्तकात वाचलं होतं की लाल रंगाच्या खाली हिरवा असतो, उष्णतेने वरचा जातो. डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. पातेल्यात उरलं ते कोणत्याही पायरीवरच्या शेवाळासारखं दिसत होतं.

दादा मागे कधी येऊन उभा राहिला कळलं नाही. त्याने चार मासे भांड्यात काढून घेतले. "यांना तरी घरी सोडतो, हे इथलेच आहेत," म्हणाला. मी त्याला थांबवून मासे दोन वेळा स्वच्छ पाण्यातून काढायला लावले. तो कुरकुरला नाही.

मग मी लिहायला बसले आणि एका बैठकीत लिहिलं. कोळंबीवाल्याचा खुलासा नव्हे, माझा अर्ज. पहिला अर्ज लिहिणारीही मीच, हे त्यात आहे. कडा सरळ का आहेत ते आहे. जोरात ओढून उपटलं तर तुकडे होऊन आणखी पसरतं, म्हणून मुळापासून, पिशवीत धरून कसं काढायचं तेही आहे. मत्स्यालयाच्या टाकीचं पाणी कुठे जाणार आहे ते शेवटी. आईचं नाव कुठेही नाही. तिने विचारलं, का नाही? मी म्हटलं, अर्धं सांगणारी मी होते.

बाबांना वाचून दाखवला. ते ऐकताना जाळ्याची एकच गाठ सोडवत होते, सुटत नव्हती. वाचून झाल्यावर म्हणाले, "धक्क्यावर मी काय सांगू?" मी म्हटलं, मी येते, मीच सांगते. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. मग उठून चपला घातल्या. मला वाटलं निघून चालले. ते कार्यालयापर्यंत माझ्याबरोबर आले, आत मात्र आले नाहीत. फाटकापाशी थांबले.

कारकुनाने अर्ज वाचला आणि माझ्याकडे पाहून विचारलं, नमुना आणलाय का? मी ऑक्टोबरात दाबलेला कागद काढला. रंग अजून तसाच आहे. तो म्हणाला, चिठ्ठी अपुरी आहे, ठिकाण कोरं आहे, असं घेता येत नाही. त्याने पेन पुढे केलं.

माणिक मूळचं कुठलं ते मला अजूनही माहीत नाही. पण चिठ्ठीवर तो प्रश्न नव्हताच. तिथे फक्त सापडल्याचं ठिकाण विचारलं होतं. मी माणिक हे नाव खोडून शेवाळ लिहिलं, आणि ठिकाणापुढे: आमच्या घराची मागची खोली. त्याने शिक्का मारून कागद आत ठेवला.